‘येतो’ न म्हणता

ती घटना विसरता आली असती तर बरं झालं असतं, असं मला अनेकदा वाटतं. नोकरीत याहून मोठी प्रकरणं हाताळली. दरोडेखोरांमागे रानोमाळ हिंडलो, खुनांचे तपास केले, वरिष्ठांची शाबासकी मिळवली आणि बोलणीही खाल्ली. त्यातलं बरंचसं आता एकमेकांत मिसळून गेलं आहे. हे प्रकरण मात्र जिथल्या तिथे राहिलं. या वयात ओळखीची माणसं एकेक करून खाटेला लागतात आणि निवृत्त माणसाला वेळच वेळ असतो, म्हणून भेटायला जावं लागतं. दवाखान्याची पायरी चढलो की तो धनगर डोळ्यांपुढे उभा राहतो. नावं मी कुणाचीच सांगणार नाही. ती माणसं गेली, पण त्यांची नातवंडं त्याच गावात नांदतात.

निजामाचं राज्य होतं. मी हिंगोलीच्या ठाण्यावर अमीन होतो, म्हणजे आजच्या भाषेत फौजदार. दूर कुठं तरी मोठी लढाई चालली होती. आमच्यापर्यंत ती रॉकेलच्या टंचाईच्या रूपानं आली होती. ठाणं म्हणजे कौलारू इमारत, पुढं ओसरी, मागं हवालात. कागद उर्दूत लिहायचे, दम मराठीत द्यायचा आणि पगाराची वाट मुकाट्यानं बघायची, असा आमचा कारभार. माझ्या हाताखाली एक जमादार होता. हिंगोलीतच जन्मलेला मुसलमान, घरी आणि दारी दखनी बोलणारा, माझ्यापेक्षा थोडा मोठा. त्याला मराठी सगळी समजे, पण उत्तर तो आपल्याच बोलीत देई. माणूस कामाला चोख आणि निष्कर्षाला उतावीळ.

माघ संपत आला होता. एके सकाळी सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरांचा निरोप आला की एक जखमी आला आहे, येऊन बघा. मी गेलो. जवळा बाजारच्या वाटेवरच्या एका लहान गावातला मेंढपाळ होता, तिशीच्या पुढचा. रात्रभर बैलगाडीनं आणला होता. डोक्याला फडकी गुंडाळलेली, शुद्ध नाही, श्वास तेवढा चालू. बरोबर बायको होती आणि धाकटा भाऊ होता. हा भाऊ विशीतला, धिप्पाड, अंगावरचं घोंगडं रक्तानं कडक झालेलं. दिवस मावळल्यावर थोरला परतला नाही म्हणून शोधायला गेलो, तर ओढ्यात दरडीखाली पडलेला दिसला, असं त्यानं सांगितलं. तिथून पाठीवर घेऊन तो गावापर्यंत पळत आला होता. गाडीवाला त्याचं कौतुक सांगताना थकत नव्हता.

डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. “अमीनसाहेब, पडणारा माणूस एकदा पडतो. याच्या डोक्याला दोन घाव आहेत. एक मागून, एक पुढून.”

म्हणजे मारहाण. मी गुन्हा नोंदवला आणि जमादाराला घेऊन त्या गावी गेलो. पोलीस पाटलानं ओढा दाखवला. पंचनामा करण्यासारखं तिथं फारसं काही उरलं नव्हतं. जखमी माणूस नेल्यावर मालकाविना राहिलेली मेंढरं त्याच ओढ्यातून रात्रभर फिरली होती. खुरांनी सगळं पुसलं होतं. मी पंचांची अंगठे-सही घेतली आणि परत आलो.

खबर दुसऱ्याच दिवशी मिळाली. जवळ्याच्या बाजारात वस्तरा घेऊन बसणारा एक न्हावी माझा खबऱ्या होता. माणसाची मान हातात असली की तो खोटं कमी बोलतो, असं त्याचं म्हणणं. त्यानं सांगितलं ते असं: ओढ्याच्या काठी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं रान आहे. पंधरवड्यापूर्वी या धनगराची मेंढरं त्याच्या हरभऱ्यात घुसली. शेतकरी चावडीपुढं सगळ्या गावादेखत म्हणाला होता, “पुन्ना मेंढरू घुसलं तं टाळकं फोडीन.”

“असं तर सगळेच म्हणतात,” मी म्हणालो.

“म्हनत्यात सायेब. पर आक्खं गाव दवाखान्यात जाऊन आलं. ह्यो एकटाच गेला न्हाई.”

हे वाक्य आज वाचणाऱ्याला साधं वाटेल. आमच्या भागात तेव्हा ते साधं नव्हतं. आजाऱ्याला भेटायला न जाणं म्हणजे त्याच्याशी वैर जाहीर करणं. ज्यांच्यात बोलणं बंद आहे तेसुद्धा जात. खाटेपाशी उभे राहत, आजाऱ्याच्या बायकोशी दोन शब्द बोलत आणि गावात आल्यावर पुन्हा बोलणं बंद करत. जो गेला नाही, त्याच्या मनात काळं आहे, एवढा हिशेब पोरासोरांनाही पाठ होता.

जमादार तर खूशच झाला. “साब, मामला साफ है. जो बीमार कू देखने नै आया, उसीच का काम है.”

मी त्या शेतकऱ्याला आणून हवालातीत टाकला. साठीच्या आसपासचा, उंच, वाळलेला, डोक्याला मळका पटका. त्याला मी उलटसुलट विचारलं. धमकी दिली होती का? दिली होती. त्या संध्याकाळी कुठं होतास? घरी. कोण साक्षीला? घरचीच माणसं. घरच्या माणसांची साक्ष किती चालते, ते त्याला आणि मलाही माहीत होतं.

“मग भेटायला काहून गेला नाहीस?”

“सायेब, गेलो असतो तं लोक काय म्हनले असते? मेला का न्हाई ते पाहाया आला, असंच म्हनले असते ना? न्हाई गेलो तं तुमी धरलं. आता तुमीच सांगा, आमी काय करावं?”

प्रश्न बिनतोड होता. पण तेवढ्यावरून संशयिताला सोडत नाहीत. धमकी होती, कारण होतं, जागा त्याच्याच रानाला लागून होती. धनगर दगावला असता तर खुनाचं चालान, म्हणजे आरोपपत्र, झालं असतं, आणि मग त्या म्हाताऱ्याच्या मानेचं काय होणार हे ठाण्यातल्या सगळ्यांना कळत होतं.

सगळ्यांत जास्त ते त्याच्या बायकोला कळत होतं. ती रोज फडक्यात भाकर बांधून यायची आणि ठाण्याच्या पायरीवर बसायची. नवऱ्याला सोडा, असं ती एकदाही म्हणाली नाही. मी घोड्यावरून उतरलो की उठून उभी राहायची आणि एवढंच विचारायची, “सायेब, तो धनगर कसा हाय? सुद आली का त्याला?” दवाखान्यात ती एकदा जाऊन आली होती, पण धनगराच्या भावकीतल्या बायकांनी तिला ओसरीवरूनच हाकललं. तेव्हापासून तिच्या नवऱ्याचा जीव दुसऱ्याच्या खाटेला बांधलेला, आणि त्या खाटेची खबर तिला फक्त माझ्याकडून मिळणार. मी दोन-तीन वेळा तिच्याशी खेकसून बोललो. मग खेकसायचंही सोडून दिलं. वैताग येण्यासाठीसुद्धा अंगात जोर लागतो.

जखमीला शुद्ध आली तर त्याचा जबाब घ्यावा, म्हणून मी रोज दवाखान्यात जाऊन बसू लागलो. तिथं मला भेटायला येणारी माणसं बघायला मिळाली. तसं बघणं माझ्या वाट्याला पुन्हा कधी आलं नाही. लिंबाखाली गाड्या सुटायच्या. बैलांना कडबा टाकून माणसं घोळक्यानं आत शिरायची. बायका खाटेभोवती फरशीवर बसायच्या. आल्या आल्या पहिला प्रश्न, “काय झालं गं माय?” आणि ती बिचारी बायको पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगायची. जितके घोळके तितक्या वेळा. ऐकणाऱ्या बायका त्याच त्या ठिकाणी पदर तोंडाला लावायच्या. मग सल्ले सुरू. कुणी अंगारा आणलेला, कुणी काशाच्या वाटीत लोणी. बेशुद्ध माणसासाठी भाकरी, चटणी, वरण्याची उसळ. डॉक्टर ओरडायचे, “अरे, तो खाणार कसा?” त्यावर एक म्हातारी म्हणाली, “त्यानं न खाल्लं तं तुमी खा, पर आनल्यालं माघारी न्यायचं न्हाई.” डॉक्टरांनी ते खाल्लंही असावं, कारण पुढं त्यांचं ओरडणं कमी झालं.

आणि निघताना प्रत्येक जण एकच करायचा. खाटेवर वाकायचा, त्या बेशुद्ध माणसाच्या कानाशी तोंड न्यायचा आणि मोठ्यानं म्हणायचा, “येतो रे दादा. बरा व्हय.” बायका म्हणायच्या, “येते बरं.” त्याच्या वतीनं त्याची बायको उत्तर द्यायची, “या.”

धाकटा भाऊ एक दिवसाआड यायचा. गावी मेंढरं सांभाळायची, चरवी भरून दूध घ्यायचं आणि पायी हिंगोली गाठायची. तो खाटेच्या पायथ्याशी बसायचा. बोलत काही नसे. भाकर पुढं केली तर नको म्हणे. भेटायला येणारे त्याच्या पाठीवर हात ठेवून जात. मलाही त्याचं वाईट वाटे. जमादारानं तर एकदा त्याला स्वतःच्या पैशानं चहा पाजला.

एके दुपारी ओसरीवर कुणी नव्हतं. धनगराची बायको बाहेर आली आणि माझ्यापासून चार हात लांब खांबाला धरून उभी राहिली. पदर कपाळापर्यंत ओढलेला. गेले कित्येक दिवस मी तिला विचारत होतो आणि ती मान हलवत होती. आज ती आपण होऊन बोलली.

“सायेब, एक काम हाय. तुमी सरकारी मानूस. तुमचं ऐकतील.”

“कोण ऐकतील?”

“आमचे धाकले भावजी. त्यांला जरा दटावून सांगा.”

“काय केलं त्यानं?”

“समदे येत्यात, कानात येतो म्हनून जात्यात. बोलनं बंद हाय त्या घरच्या बी बायका म्हनून गेल्या. ह्ये एकले म्हनत न्हाईत. आले, बसले, उठले की चालले. म्या सोता म्हनलं, भावजी, येतो म्हना. तं खाली मान घालून निगून गेले. सायेब, मयताच्या घरून उठताना मानूस येतो म्हनत न्हाई. माझा मालक तं जिता हाय ना? मंग काहून असा अपशकून करून राहिले? त्यांचंच रगत हाय. त्यांच्या अशा वागन्यानं माझ्या मालकाचं काई वाईट झालं तं?”

मी उठून उभा राहिलो. जमादार माझ्या तोंडाकडे बघत होता. बाई आत गेल्यावर त्यानं विचारलं, “क्या हुआ साब? लफ्ज नै बोला तो क्या हुआ?”

मी त्याला समजावलं. आम्ही कुणाकडून निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. म्हणजे पुन्हा येणार, तुम्हीही असणार. फक्त एका घरून उठताना ते म्हणायचं नाही, जिथं कुणी गेलं आहे. तिथं गप उठायचं आणि चालू लागायचं. असल्या घरी पुन्हा येणं नको म्हणून. हे कुणी शिकवत नाही, लहानपणापासून जीभच शिकते. त्या पोराची जीभ त्याच्या भावाच्या खाटेपाशी उचलत नव्हती.

जमादार हळूच म्हणाला, “मतलब, उसके हिसाब से भाई मर चुका.”

मलाही तेच वाटत होतं. पण हा पुरावा नव्हे. कुठल्याही मुन्सिफापुढं, म्हणजे न्यायाधीशापुढं, असला कागद ठेवला असता तर त्यांनी मला रजेवर पाठवलं असतं. शोकानं माणसाची वाचा बसते, हेही मी पाहिलेलं होतं. मी थांबलो.

दुसऱ्या दिवशी तो चरवी घेऊन आला. नेहमीसारखा बसला आणि उन्हं कलू लागली तसा उठून बाहेर आला. मी त्याला लिंबाखाली बोलावलं. आवाज चढवला नाही. हवालातीचं नाव काढलं नाही.

“तुझ्या वहिनीची तक्रार आहे,” मी म्हणालो. “तू भावाला येतो म्हणत नाहीस.”

त्यानं रिकामी चरवी खाली ठेवली.

“मोठं काम नाही. आत जा. सगळे म्हणतात तसं कानात येतो म्हण आणि गावाकडे चालू लाग. मी तुला काही विचारणार नाही.”

तो गेला. मी आणि जमादार दाराशी उभे होतो. तो खाटेपर्यंत नीट चालला. वाकला. तोंड कानाजवळ नेलं. वहिनी त्याच्याकडे आशेनं बघत होती. त्याचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. त्यानं पुन्हा एकदा करून पाहिलं. मग तो धिप्पाड पोरगा खाटेची कड धरून खाली बसला आणि कपाळ तिच्यावर टेकलं. बऱ्याच वेळानं उठला, सरळ माझ्याकडे आला आणि दोन्ही हात पुढं केले.

ओसरीच्या टोकाला बसून त्यानं सगळं सांगितलं. मला विचारावं लागलंच नाही. त्यांच्याकडे एक एडका होता. त्याची माय व्याल्याबरोबर मेली, तेव्हा यानं बोटावर दूध चाखवून त्याला वाढवलं होतं. तो याच्या मागं मागं फिरायचा. थोरल्यानं जवळ्याच्या बाजारात तो विकून टाकला.

“एका एडक्यापायी?” मी विचारलं.

“एडक्यापायी न्हाई सायेब. मला ईचारलं न्हाई म्हनून. येवढा वाढलो, मला कदी काईच ईचारलं न्हाई.”

“मागून मारलंस?”

“व्हय. काठीनं. त्यो राग व्हता.”

“आणि दुसरा घाव?”

“त्यानं वळून पाह्यलं. मला पाह्यलं त्यानं. म्हनून.” मग तो पुढं म्हणाला, “पडला तवा मेलाच असं समजलो. घरी गेलो, भाकर खायाला बसलो, तं घास उतरंना. परत गेलो. मयत आनायचं म्हनून पाठीवर घेतलं. वाटंत कन्हला तवा मला कळलं. पर म्या तं त्याला वर धाडला व्हता ना सायेब? माझ्या हातानं धाडला. आता त्याला येतो कसं म्हनू?”

“आणि त्या म्हाताऱ्याला फासावर जाऊ देणार होतास?”

“रोज वाटायचं आज सांगावं. तुमच्या ठान्यापासून वाट वाकडी करून यायचो.”

पोलिसापुढं दिलेला कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, म्हणून पुढचं सगळं रीतसर केलं. मेंढवाड्याच्या काट्यांच्या कुंपणात खुपसलेली काठी त्यानं स्वतः काढून दिली. पंच होते. काठीच्या मुठीजवळ रक्त वाळलेलं होतं. मुन्सिफांपुढं त्यानं तेच सांगितलं, एक शब्द न बदलता.

शेतकऱ्याला मी सोडलं. तो माझ्यावर ओरडेल अशी माझी तयारी होती. त्यानं फक्त पटका मागितला. हवालातीत टाकताना तो काढून घेतलेला होता. डोक्याला गुंडाळून तो बाहेर आला, तेव्हा त्याची बायको पायरीवरून उठली. सवयीनं तिनं मलाच विचारलं, “धनगर कसा हाय सायेब?” मग नवऱ्याकडे लक्ष गेलं आणि ती मटकन खाली बसली.

त्यानंतर धनगराला शुद्ध आली. मुन्सिफसाहेब जबाब घ्यायला स्वतः खाटेपाशी आले. मीही होतो. त्यांनी विचारलं, तुला कुणी मारलं? त्याचा आवाज इतका बारीक होता की सगळ्यांनी माना पुढं केल्या.

“कोनी न्हाई. दरडीवरून पडलो.”

“तुझ्या भावानं कबूल केलं आहे.”

“लेकरू हाय. भेदरलं असंल. पडलो मी.”

दोनदा विचारलं, दोनदा तेच उत्तर. मुन्सिफसाहेबांनी ते उतरवून घेतलं. त्याची बायको भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिच्याच तक्रारीनं दीर पकडला गेला होता, आणि आता नवरा त्याला वाचवू बघत होता. त्या बाईच्या मनात काय चाललं असेल ते विचारायचं धाडस मला झालं नाही.

धाकट्याला परभणीच्या जेलमध्ये रवाना करायचा दिवस आला. धनगरानं निरोप पाठवला की एकदा दाखवा. जमादार नको म्हणत होता. फिर्यादीच्या बाजूनं बघितलं तर त्याचंच बरोबर होतं. जखमी आणि आरोपी यांची भेट घालून कुठला अधिकारी स्वतःची केस बिघडवतो? पण मी कंटाळलो होतो. त्या दोन भावांना, त्या बाईला, त्या शेतकऱ्याच्या म्हातारीला रोज बघून मी आतून थकलो होतो. स्टेशनाकडे जाताना हातकडीसकट त्याला दवाखान्यात नेला.

तो दाराशीच उभा राहिला. थोरल्यानं डोळे उघडून पाहिलं.

“कुठं चाललास?”

“परभनीला.”

“मेंढरं?”

“काकाच्या हवाली केली.”

“पानी पाजलं का?”

“पाजलं.”

मी जमादाराला खूण केली. तो पोराचा दोर धरून वळला. ते निघाले तेव्हा मागून तोच बारीक आवाज आला.

“असाच चाललास व्हय? न सांगता?”

पोरगा थांबला.

“येतो म्हन की रे.”

मग हातकडीसकट खाटेकडे वळला. शेवटी तो म्हणाला, “येतो दादा.”

“ये,” थोरला म्हणाला, आणि तोंड भिंतीकडे केलं.

जमादारानं स्टेशनावर पोराला शिपायांच्या हवाली केलं. गाडी सुटल्यावर त्यानं डोळे पुसले आणि धुराला शिव्या दिल्या.

धनगर जगला नाही. जखम आतून पिकली, ताप चढत गेला, आणि होळीच्या आधी तो गेला. त्या दिवशी दवाखान्याबाहेर खूप गाड्या सुटल्या होत्या. माणसं येत होती, बसत होती आणि न बोलता उठून जात होती. धाकट्याला काही वर्षांची सजा झाली. थोरल्याचा ‘पडलो मी’ हा जबाब मरणाऱ्याचा जबाब ठरला, म्हणून ती हलकी झाली. म्हणजे गेलेल्या माणसानं गेल्यावरही त्याला राखलंच. वरून मला शाबासकीचा कागद आला. तो मी कुठं ठेवला ते आठवत नाही.

शेतकरी सुटला, पण गावानं त्याला सोडलं नाही. त्यानं मारलं नाही हे सगळ्यांना पटलं होतं. तो भेटायला गेला नाही, हे मात्र कुणी विसरायला तयार नव्हतं. पुढं तो आजारी पडला तेव्हा त्याच्या खाटेपाशी किती जण गेले मला ठाऊक नाही. माझी बदली झाली होती.

या केसनं काय शिकवलं, असं मला कधी कधी तरुण अधिकारी विचारतात. त्यांना तपासाची युक्ती हवी असते. युक्ती काही नाही. माणूस काय बोलतो ते लिहून घ्यायला आम्हाला शिकवलं होतं. तो काय बोलू शकत नाही, ते ऐकायला मला एका अडाणी बाईच्या भीतीनं शिकवलं, आणि त्याची किंमत तिनंच मोजली. गुन्हा उघडकीस आला की केस संपते. माणसांचं संपत नाही. याहून शहाणपणाचं मला काही सुचत नाही, आणि सुचलं तरी आता उपयोग कुणाला?

मध्यंतरी कळलं की आमचा जमादार हिंगोलीच्या दवाखान्यात आहे. मी गेलो. दवाखाना आता नवा आहे, लिंब तेवढा जुना. जमादार खाटेवर इतका लहान दिसत होता की मी आधी पुढच्या खाटेपर्यंत चालत गेलो. पोटात गाठ होती. त्याच्या मुलानं बाहेर मला सांगितलं की आता फार दिवस नाहीत.

आम्ही जुन्या गोष्टी बोललो. मी त्याला विचारलं, तो धनगराचा भाऊ सुटून आला का कधी?

“आया था साब. सीधा भाभी के दरवाजे पे जा के खडा हुआ.”

“मग?”

“रोटी दी उसने. बात नै की. कब्बीच नै की, मरे तक. मगर रोटी रोज दी.”

त्याला थकवा आलेला दिसला, म्हणून मी उठलो. छत्री घेतली, चपला शोधल्या, त्याच्या पायावर हात ठेवला आणि निघालो. दारापर्यंत पोचलो होतो.

“साब,” मागून आवाज आला. “वो एक लफ्ज रह गया.”

मी जागीच थांबलो. इतक्या वर्षांत कुणी मला असं पकडलं नव्हतं. परत फिरलो, त्याच्या खाटेवर वाकलो आणि कानाशी तोंड नेलं.

“येतो,” मी म्हणालो.

“हौ, आना,” तो म्हणाला, आणि समाधानानं डोळे मिटले.

आता म्हटलं आहे, तर जावं लागेल. गुरुवारची गाडी बघून ठेवली आहे.